द्वंद्व समास

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक छापील कागद चिकटवलेला असायचा. पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे, पाने दुमडू नयेत, पुस्तकात खुणा करू नयेत व काहीही लिहू नये. आमच्या वाचनालयातल्या एका कादंबरीत या शेवटच्या नियमाखाली कोणीतरी शाईने लिहिलं होतं, ‘बरं.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मग हे काय लिहिलंस?’ आणि त्याच्याही खाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘तू तरी काय केलंस?’

मी तेव्हा नववीत होते. साल १९८२. गाव नगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण हे सगळं घडलं ते नगरमध्ये. संध्याकाळी शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि ‘पुस्तक बदलायला’ जायचं. दळण आणायला जावं तसं पुस्तक बदलायला. कार्ड वडिलांच्या नावावर, सभासद क्रमांक ४१२. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे नियमभंगाची कबुली आहे आणि आमची अनामत रक्कम अजून तिथेच आहे.

तिथल्या बहुतेक पुस्तकांत लेखकाच्या मजकुराला लागून दुसरा एक मजकूर चालू असे. समासातला. व्याकरणाच्या तासाला बाई समास शिकवायच्या, त्यातला द्वंद्व समास मला तेव्हापासून वेगळ्याच अर्थाने पाठ आहे. लिहिणाऱ्यांची नावं कधीच नसत, पण अक्षरांवरून माणसं ओळखीची झाली होती. हिरवी शाई हा भावुक प्राणी. ‘अप्रतिम’ म्हणायचा आणि दोन उद्गारचिन्हं द्यायचा, एकावर कधी भागलं नाही. एक मास्तर होते, म्हणजे असणारच; ते मत देत नसत, फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारत, खांडेकरांचेसुद्धा. आणि एक होती लाल पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल तेव्हा कचेऱ्यांतून असे, त्यातली लाल बाजू. पटलं नाही की लाल रेघ आणि शेरा. पटलं की काहीच नाही. निळी बाजू बहुधा कचेरीतच वापरत असावेत.

नेमाड्यांची ‘कोसला’ मी अकरावीत वाचली. पुस्तक १९६३ चं, त्यामुळे आमच्या हाती येईपर्यंत त्या प्रतीवरून वीस वर्षांची भांडणं होऊन गेली होती. पहिल्याच पानावर ‘ही काय भाषा आहे?’ आणि त्याला बाण काढून, ‘तुमच्या घरात कोणती बोलतात?’ कोणा एका चिकाट माणसाने तर प्रत्येक ‘उदाहरणार्थ’भोवती गोल काढून त्याला क्रमांक दिले होते. मी गोष्ट सोडून आधी ते आकडेच बघत गेले. साठाच्या पुढे कुठेतरी गोल काढणं थांबलं. चार पानं काहीच नाही. मग त्याच अक्षरात, समासात उभं लिहिलेलं: ‘आता सवय झाली.’ पुढे पुस्तक संपेपर्यंत हा माणूस गप्प. एखाद्या वाचकाचं मत पान उलटता उलटता बदलताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. समीक्षेच्या पुस्तकांत तर नाहीच. तिथे मत आधी असतं, पानं नंतर.

सगळंच काही एवढं गोड नव्हतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा म्हणजे झुंजार, काळा पहाड. त्यांच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग गावात होता. कधी नाव खरं असे, कधी मुद्दाम खोटं, त्यामुळे शेवटपर्यंत वाचावं लागेच. त्या हलकटपणातही एक कला होती, हे मान्य करते. पण बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या समासांत जे लिहिलेलं असे ते मी इथे सांगणार नाही. काही पानं मी खोडरबराने घासून घासून पार विरवली आहेत.

लाल पेन्सिलीशी माझं भांडण झालं ते ‘स्मृतिचित्रे’वरून. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते ३६ या काळात चार भागांत निघालं. नगरकरांना ते घरचं वाटतं, कारण रेव्हरंड टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा कितीतरी संसार इथे नाहीतर राहुरीला झाला. टिळक कोणाला न सांगता घरातून निघून जातात अशा एका प्रसंगापाशी लाल शेरा होता: ‘पुरुषमाणूस आहे. त्यात लिहिण्यासारखं काय?’ मी सतरा वर्षांची. घरी, शाळेत, कुठेही मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी कंपासपेटीतली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, ‘मग वाचता कशाला?’

पुस्तक परत केलं. मग रोज कपाटात डोकावायचं, आहे का, गेलं का. दोन महिने जागचं हललं नाही. मग एकदा जागा रिकामी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं तेव्हा उत्तर होतं: ‘लग्न झालं की कळेल, बाळ.’ बाळ! मी मुलगी आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी लिहिलं, ‘लक्ष्मीबाईंचं झालं होतं. त्यांना कळलं म्हणूनच लिहिलं.’

असं दीड वर्ष चाललं. पाच की सहा शेरे, बास. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन मागे राहिल्या, त्यांनी दीक्षा घेतली ती पाच वर्षांनी, १९०० मध्ये. त्या भागात एका ठिकाणी लाल पेन्सिलीने कबुली दिली होती: ‘इथे मात्र चुकले.’ त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘इथेच फक्त?’ पुढच्या खेपेला पाहिलं तर उत्तर नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. पुस्तक मध्ये बाहेर जाऊन आलेलं होतं, पुढच्या पानांवर नव्या लाल रेघाही होत्या. मी खट्टू झाले. आणि मग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, की पटलं की काहीच नाही, हा तर त्याचा नेमच होता.

तो कोण हे शोधायचा मी प्रयत्न केला, नाही असं नाही. पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कार्ड असे, त्यावर घेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख. लाल पेन्सिल असलेली चार पुस्तकं काढली, चारही कार्डांवरचे क्रमांक वहीत उतरवले आणि समान कोणते ते पाहिले. दोन निघाले. एक १८७. दुसरा ४१२, म्हणजे आम्हीच. मी काउंटरमागच्या काकांना विचारलं, ‘काका, एकशे सत्याऐंशी नंबर कोणाचा हो?’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘कोणाचा का असेना. पुस्तक वेळेवर येतंय ना?’ आणि रजिस्टर मिटलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाला आपलं काम नीट कळलं होतं.

नगरला पुस्तकांवर उघड बोलायच्या जागा नव्हत्या असं नाही. हे गाव वाचणाऱ्यांचं आहे. जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्या वाचनालयांत ते मोडतं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघालं ते इथूनच. भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून ठेवलेले बारा पुढारी एकमेकांशी इतकं बोलत, वाद घालत, की ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिताना नेहरूंनी आपल्या अकरा सोबत्यांचे आभार मानले. पण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता, आणि ते तुरुंगात होते. मला वाटतं, गाव लहान असलं की थोडंफार असंच असतं. चितळे रोडवर उभं राहून तुम्ही ‘ययाति’ भिकार आहे म्हणालात की संध्याकाळपर्यंत ते तुमच्या सरांना कळायचं, आणि सरांची ‘ययाति’वर तीन व्याख्यानं झालेली असायची. मुलगी असाल तर सरांच्या आधी आईला कळायचं. ‘तू अमक्यांची ना गं?’ हा प्रश्न आला की वाद तिथेच मिटला.

म्हणून व्याख्यानमालेत चिठ्ठ्यांची सोय असे. श्रोत्यांनी प्रश्न लेखी द्यावेत, अशी सूचना व्हायची आणि बिननावाच्या घड्या पुढे सरकू लागायच्या. संयोजक एकेक उघडून वाचत. बऱ्या दिसल्या त्या वक्त्याला देत, बाकीच्या कोटाच्या खिशात घालत. एकदा कार्यक्रम संपल्यावर एका संयोजकांनी घाम पुसायला रुमाल काढला तेव्हा त्यांच्या खिशातून सतराएक चिठ्ठ्या सतरंजीवर पडल्या होत्या. आम्ही पोरींनी त्या गोळा करून वाचल्या. त्या व्याख्यानापेक्षा पुष्कळ चांगल्या होत्या.

नाव लपवून मत मांडणं आपल्याकडे जुनंच. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. सरकारी नोकरी होती, दुसरा मार्ग काय? आणि त्याहून मागे जायचं तर आमच्याच जिल्ह्यातलं नेवासं. ज्ञानेश्वरी तिथे १२९० मध्ये सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात राहिली आणि उतरवणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी आपल्याला सुचलेल्या ओव्या तीत घातल्या. समासात लिहिलेलं पुढच्या प्रतीत आत यायला किती वेळ लागतो? एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी सक्त बजावून ठेवलं, की यापुढे आपली ओवी कोणी यात घुसडू नये. छापील नियम चिकटवणारे पहिले ग्रंथपाल तेच म्हणायचे. त्या बिननावी ओव्या रचणाऱ्यांविषयी मला थोडी माया वाटते. त्यांनाही कुठेतरी ‘इथे मात्र’ म्हणायचं असेल.

साहित्य संमेलन नगरला १९९७ मध्ये झालं, अध्यक्ष ना. सं. इनामदार. त्या वर्षी गावातलं मांडव न पाहिलेलं माणूसही ऐतिहासिक कादंबरीवर बोलत होतं. वाचनालयातल्या त्यांच्या ‘राऊ’च्या समासात ‘याला पुरावा काय?’ हा प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत नऊ वेळा आलेला मी मोजला आहे. उत्तर एकच होतं, दहाव्या माणसाचं: ‘कादंबरी आहे हो.’

पुढे मी नोकरीच्या धबडग्यात पडले. समास सुटले. २००९ च्या सुमारास पुण्याची भाची सुट्टीला आली आणि तिने मला संगणकावर एका मराठी संकेतस्थळाचा आयडी काढून दिला. मायबोली १९९६ पासून होती, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलेली, २००७ मध्ये मिसळपाव आलं होतं, अशी आणखीही संकेतस्थळं होती. माझा आयडी कोणता ते सांगत नाही. सांगितला तर मग काढला कशाला?

पहिले काही आठवडे मी नुसती वाचत होते. आणि काय सांगू, माझी सगळी मंडळी तिथे भेटली. हिरवी शाई होती, आता तिच्याकडे हव्या तेवढ्या उद्गारचिन्हांची सोय होती. मास्तर होते, कोणी आईच्या आठवणीवर रडून लिहिलं तरी ते येऊन ‘आणि’मधला ‘णि’ ऱ्हस्व करून जात. ‘पुरावा काय?’ची जागा ‘विदा द्या’ने घेतली होती. काडी टाकून बाजूला होणारे होते, आणि दोन दोन आयडी घेऊन स्वतःशीच सहमत होणारेही. हे मात्र समासात जमलं नसतं; तिथे अक्षराने पकडलं असतं. संयोजकांच्या कोटाचा खिसाही होता. धागा फार तापला की तो वाचनमात्र होई.

काही गोष्टी त्या काळापेक्षा खरोखर बऱ्या आहेत. रात्री अकराला ‘कोसला’वर चार ओळी लिहिल्या की साडेअकरापर्यंत न्यू जर्सी, शारजा आणि जामखेडहून उत्तरं. दोन महिने कपाटात डोकावणं नाही. माझ्यासारख्या बाईला रात्री अकराला एरवी कोणाशी नेमाड्यांवरून भांडता आलं असतं? त्यांची ‘हिंदू’ २०१० मध्ये आली तेव्हा तीन दिवस घरात वरणभातावर भागवलं. (नवऱ्याची तक्रार नव्हती. तोही त्याच धाग्यावर होता, वेगळ्या नावाने, आणि माझ्या विरुद्ध बाजूला. हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.)

पण एक चीज गेली. ऐंशीव्या पानाच्या समासात लिहायचं तर हातात पुस्तक लागायचं आणि ऐंशीवं पान उघडावं लागायचं. भांडण त्या ओळीला बांधलेलं असे. लाल पेन्सिलीचं सगळं चूक असेल, पण त्याने ‘स्मृतिचित्रे’ अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं आणि कुठे काय खटकलं ते बोट ठेवून सांगितलं होतं. आता निम्म्या प्रतिसादांची सुरुवात ‘मी पुस्तक वाचलेलं नाही, पण’ अशी असते. पुस्तक धाग्याच्या वर राहतं आणि वाद खाली खाली घरंगळत जातो. पन्नासाव्या प्रतिसादापाशी कोण कोणत्या वर्षी काय म्हणालं होतं त्याची उणीदुणी निघतात, लेखक बिचारा कधीच उठून गेलेला असतो. मी स्वतःही एकदा एका कादंबरीवर तावातावाने सात प्रतिसाद लिहिले आणि मग आठवलं, की मी तिचं परीक्षण वाचलं होतं.

‘बलुतं’ची गोष्ट वेगळी. दया पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. पुस्तक १९७८ चं. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत एका पानावर शेरा होता: ‘जुनं उकरून काय मिळतं?’ त्याखाली कच्च्या, जोर देऊन लिहिलेल्या अक्षरात: ‘जुनं? आमच्या गावाला ये.’ पेन्सिल इतकी दाबलेली, की मागच्या पानावर बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत. गावाचं नाव नव्हतं, माणसाचं नव्हतं. पुढे कोणीच काही लिहिलं नाही. वीस पानं समास कोरा.

त्याच पुस्तकावर आंतरजालावर वाद झाला तेव्हा कोणीतरी असंच, मनापासून, आपल्या घरातलं लिहिलं. आयडी कसलातरी फुलाचा होता. लगेच विचारणा सुरू झाली: खरं नाव काय, आडनाव काय, तुमच्या भाषेवरून तर तसं वाटत नाही. आडनाव लपवायची सोय म्हणून आलेल्या माणसाचं आडनाव हुंगत बसणारे तिथे रोज दिसतात. मला चितळे रोडवरचं ‘तू अमक्यांची ना गं?’ ऐकू आलं. त्या आयडीने पुन्हा काही लिहिलं नाही. मी त्या दिवशी काही म्हटलं नाही, उद्या लिहू म्हणून झोपले, आणि उद्यापर्यंत धागा तिसऱ्या पानावर गेला होता. समासाचं बरं होतं. तिथे वीस वर्षांनी गेलं तरी उशीर होत नसे.

तसा समासालाही शत्रू होता: बाइंडर. पुस्तकं खिळखिळी झाली की दर दोन-तीन वर्षांनी गठ्ठा बाइंडिंगला जायचा. तो शिलाई उसवून नवी घालायचा आणि यंत्रावर तिन्ही बाजूंनी कडा कापून सारख्या करायचा. छापील मजकुराला धक्का लागत नसे, पण वाचकांची वाक्यं मधूनच तुटत. ‘अगदी चू’ एवढंच उरे. अगदी चूक की अगदी चूप, देव जाणे. हिरव्या शाईची उद्गारचिन्हं तेवढी वाचत. ती आधीच इतक्या आत घुसलेली असत.

गेल्या दिवाळीआधी माहेरी गेले होते. वाचनालयात डोकावले. काउंटरवर संगणक, मुलगी मोबाइलवर बोलता बोलता पुस्तकाची पट्टी यंत्राला दाखवत होती. ‘स्मृतिचित्रे’ मागितलं तर तिने कपाटाकडे हात केला, ‘बघा मावशी तिथे, आत्मचरित्रं.’ तीच प्रत होती. हिरव्या रेक्झिनची नवी बांधणी, मागचा खिसा रिकामा, कार्ड गेलेलं. लाल शेरे फिके पडून विटकरी झालेत. ‘लग्न झालं की’ इथे कड कापलेली आहे, ‘कळेल, बाळ’ गेलं.

माझं पान शोधलं. पुढचं अक्षर माझंच, सतराव्या वर्षीचं, ‘ळ’ला उगाच शेपटी दिलेलं. लिहिलं होतं: ‘लक्ष्मीबाईंना हे सगळं माफ करता आलं, कारण’. तिथे पान संपत होतं. कारण काय, ते बाइंडर घेऊन गेला होता. मी खिडकीशी जाऊन उजेडात धरून पाहिलं. खूप आठवून पाहिलं, पण मला काय म्हणायचं होतं ते काही केल्या आठवेना.

त्या तुटलेल्या वाक्याखाली निळ्या बॉलपेनने, ताज्या शाईत, कोणीतरी लिहून ठेवलं होतं: +१.